खाटेशेजारच्या माणसाला घंटा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिदक्षता विभागाचं दार दिवसातून आठ-दहा वेळा किलकिलं होतं आणि हाक येते, "बारा नंबरचे नातेवाईक कोण?" ही हाक तीन कामांसाठी असते. मेडिकलमधून औषध आणा, काउंटरवर पैसे भरा, इथे सही करा. "तुमच्या मिस्टरांत कालपासून काही फरक वाटतोय का?" हे विचारायला कुणी दार उघडत नाही. वास्तविक वॉर्डात त्या माणसाला सलग आठ तास बघणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे त्याची बायको किंवा तिचा नवरा. सिस्टर तीन पाळ्यांत बदलतात, डॉक्टर राउंडला पाच मिनिटं थांबतात. त्या एका व्यक्तीला मात्र "हे नेहमीसारखे नाहीत" एवढं सांगून डॉक्टर आणवण्याचा अधिकार आपल्याकडे कुठल्याही नियमात नाही. तो असावा, एवढ्यासाठी हे पत्र. आणि तो मिळेपर्यंत आपलं म्हणणं ऐकलं जावं म्हणून काय करायचं, तेही लिहितो.

इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊन, गेली. तब्येत ढासळते आहे असं आईवडील सांगत होते, ते ऐकलं गेलं नाही. वेळेवर अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं नंतरच्या चौकशीत स्पष्ट झालं. त्यातून 'मार्थाचा नियम' आला आणि २०२४ पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. नियम साधा आहे. रुग्णाला किंवा नातेवाइकाला चोवीस तासांत केव्हाही एका क्रमांकावर फोन करून, सध्या उपचार करणाऱ्या चमूपेक्षा वेगळ्या चमूकडून तातडीची तपासणी मागता येते. कर्मचाऱ्यांनाही ती मागता येते, हे विशेष. वरिष्ठांना फोन करायला कचरणारी नवी सिस्टर आपल्याकडेही कमी नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात याच धर्तीचा नियम २०१३ पासून आहे.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावा, तक्रार निवारणाची सोय ठेवा, हे त्यात आलं. चांगलंच झालं. पण ती तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाकडे जाते, तिची चौकशी होते. रात्री अडीच वाजता श्वास वाढलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

"नातेवाइकांना फोन दिला तर ते ऊठसूट वाजवतील" हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, आम्ही स्वतः परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेवक म्हणून वॉर्डात नोकऱ्या केल्या आहेत. पण आज तो फोन नाही म्हणून काय होतं, तेही बघा. माणूस तीनदा सांगतो, चौथ्यांदा ओरडतो, पाचव्यांदा गावाकडून दहा जण बोलावतो. मग सिक्युरिटी येते, पोलीस येतात. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला किंवा तोडफोड केल्यास २०१० च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. ते योग्यच आहे. पण या सगळ्यात खाटेवरच्या माणसाचा श्वास मोजायचा राहूनच जातो.

श्वासाचंच घेऊ, कारण बिघाडाची पहिली खूण बहुतेकदा तिथे दिसते आणि सर्वाधिक दुर्लक्षही तिथेच होतं. हा आमच्याच बिरादरीचा दोष. वॉर्डातले कुठलेही दहा चार्ट काढा, निम्म्याहून अधिक जणांचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला सापडेल, कारण तो मोजलेलाच नसतो. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र सांगतं. श्वास मोजायला मात्र माणसाने पूर्ण मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि तीस-चाळीस खाटांना दोन सिस्टर असल्या की ते मिनिट मिळत नाही. ते काम खाटेशेजारच्या माणसाने करावं. मनगट हातात धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि नजर छातीवरच्या चादरीवर ठेवा. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घ्यायला लागतो. चादर वर गेली की एक. पूर्ण ६० सेकंद मोजायचं, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. बारा ते वीस ठीक. वीसच्या पुढे गेला तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पंचवीस किंवा अधिक आला तर लगेच सांगा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या धोकासूचक तक्त्यात, बाकी सगळं ठीक असलं तरी केवळ या एका आकड्यावर डॉक्टरांनी येऊन बघावं असं आहे. नव्याने झालेला गोंधळ, वरचा रक्तदाब ९० किंवा खाली, नाडी १३० च्या पुढे, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९१ किंवा कमी, यांनाही तेवढंच वजन आहे. (सीओपीडीसारख्या जुनाट फुप्फुसविकाराच्या काही रुग्णांना ऑक्सिजनचं लक्ष्य मुद्दाम कमी ठेवतात, ते आधी विचारून घ्या. आणि बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर यंत्र फसतं.) ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असंही नव्हे. वयस्कर माणसाचं अंग सेप्सिसमध्ये उलट गार पडू शकतं.

दुसरी जागा म्हणजे लघवीची पिशवी. ताशी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिली, हा कमीत कमी हिशेब. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० आणि सहा तासांत १८० मिली व्हायला हवी. पिशवी कधी रिकामी केली ती वेळ लिहून ठेवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. आणि कमी दिसली की घाबरण्याआधी नळी बघा. ती मांडीखाली दबलेली किंवा पिळलेली असते, किंवा कुणीतरी पिशवी उचलून खाटेवर ठेवलेली असते. पिशवी कायम खाटेच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

आता हे सांगायचं कसं? "सिस्टर, बघा ना, कसंतरीच करतायत" हे वाक्य सिस्टर पाळीत वीसदा ऐकतात. त्याऐवजी असं म्हणा, "सिस्टर, खाट बारा. यांचा श्वास सकाळी दहाला १८ होता, आत्ता २८ आहे, पूर्ण मिनिट मोजलाय. दुपारी दोनपासून पिशवीत ४० मिलीच जमलीय, नळी मोकळी आहे. आणि मुलाचं नाव चुकीचं घेतायत, काल असं नव्हतं. आरएमओ (निवासी) डॉक्टरांनी येऊन बघावं. मी वेळ लिहून घेते, चार वाजून दहा मिनिटं." यात आरोप नाही, रडारड नाही, आणि शेवटचं वाक्य फार काम करतं. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर तेच वाक्य इन्चार्ज सिस्टरना सांगा, मग मुख्य डॉक्टरांना फोन लावायची विनंती करा, मग वैद्यकीय अधीक्षक. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांच्या वर अधिष्ठाता असतात. पायऱ्या गाळू नका. थेट अधीक्षकांकडे गेलात की पहिला प्रश्न "सिस्टरना सांगितलं का?" हाच येतो. पाळी बदलताना, म्हणजे सकाळ-संध्याकाळी साडेसात ते आठ आणि दुपारी दीड ते दोनच्या सुमारास, तातडी नसेल तर थांबा. त्या अर्ध्या तासात निरोप हमखास हरवतो. रात्री ड्युटीवर कोणते डॉक्टर आहेत, त्यांची पदवी कोणती आणि मुख्य डॉक्टरांना रात्री कोण फोन करतं, हे दिवसाउजेडी विचारून ठेवा. त्यात कुणाचा अपमान नाही.

वागण्या-बोलण्यातल्या फरकासाठी आकडा नसतो. तिथे आधीची स्थिती सांगायची. "गोंधळलेत" म्हटलं की उत्तर येतं, "वय झालंय, दवाखान्यात असं होतंच." त्याऐवजी "परवापर्यंत बँकेची स्लिप स्वतः भरत होते, आज चमचा उलटा धरतायत" असं सांगितलं की डॉक्टर थबकतात. त्याच वेळी चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घरी राहिली नाही ना, तेही पाहा. या तीन वस्तू नसल्यानेही गोंधळ वाढतो. कवळी नाव लिहिलेल्या डबीतच ठेवा, रुमालात गुंडाळलेली कवळी चादरीबरोबर धुलाईला जाते.

जोडीदाराने पुरवायची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे खरी माहिती. घरातली सगळी औषधं पाकिटांसकट एका पिशवीत आणा. "बीपीची पांढरी छोटी गोळी" यावरून काहीच कळत नाही. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दुप्पट जातं, ते असंच. रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनआधी थांबवली तर ती पुन्हा कधी सुरू करायची, हे तेव्हाच वहीत लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर ती राहून जाते. स्टेरॉइडची गोळी महिनोन् महिने चालू असेल तर ठळक सांगा, ती एकाएकी बंद झाली तर रक्तदाब कोसळू शकतो. फिटच्या आणि पार्किन्सनच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर लागतात, वॉर्डाच्या औषधफेरीत त्यांची वेळ हुकते. वैद्याचं चूर्ण, काढा, दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी, मिश्री, तंबाखू, सगळं सांगा.

आणि दारू. बायका डॉक्टरांसमोर नवऱ्याचं पिणं झाकतात. सासरची माणसं बाजूला उभी असतात, त्यांच्यादेखत कसं सांगायचं? मग न्यूमोनियासाठी भरती झालेला माणूस तिसऱ्या दिवशी थरथरायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, सलाइन उपटतो, आणि सगळे मेंदूचा सीटी स्कॅन काढायला धावतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन ते चार दिवसांत हे होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. आधी ठाऊक असेल तर पहिल्या दिवसापासून औषध देऊन ते बहुतेकदा टाळता येतं. सिस्टरना बाजूला घेऊन एवढंच सांगा, "रोज घेतात, शेवटची अमुक दिवशी संध्याकाळी घेतली." कुणी चारित्र्याचा दाखला मागत नाही.

बायको आजारी असली की वेगळीच अडचण असते. तिच्या गोळ्या कोणत्या, थायरॉइडची आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, सिझेरियनच्या वेळी भुलीचा त्रास झाला होता का, यातलं नवऱ्याला काही सांगता येत नाही. मुलीला फोन लावावा लागतो. शिवाय ती स्वतः डॉक्टरांना "बरं आहे" म्हणते आणि राउंड पुढे सरकला की नवऱ्याला सांगते, "रात्रभर पोटात कळा येत होत्या." त्यामुळे राउंडच्या आधीच तिच्याकडून वदवून घ्या आणि तिच्यासमोर डॉक्टरांना सांगा.

वही शंभर पानी, शाळेची पुरते. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर कोण काय म्हणालं, वेळेसकट. किडनीचे डॉक्टर येतात, हृदयाचे येतात, छातीचे येतात, प्रत्येक जण आपल्यापुरतं बोलून जातो. म्हणून पहिल्याच दिवशी मुख्य डॉक्टर कोण ते विचारा आणि रोज त्यांना तीनच प्रश्न करा. आज सगळ्यात मोठी अडचण कोणती? उद्यापर्यंत काय सुधारायला हवं? ते सुधारलं नाही तर पुढे काय? डॉक्टरांशी बोलणारं माणूस एकच ठेवा. गावाकडच्या आणि मुंबईच्या फोनांना उत्तर द्यायचं काम मेव्हण्याकडे द्या. पाच नातेवाइकांनी पाच वेळा विचारलं की पाच उत्तरं मिळतात आणि संशय वाढतो.

नातेवाइकांच्या हातून होणाऱ्या चुकाही सांगायला हव्यात. खाटेवर 'एनबीएम' (तोंडाने काहीही द्यायचं नाही) लिहिलं असताना "घोटभर पाण्याने काय होतंय" म्हणून पाजलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. नाकातल्या नळीतून पेज देताना पाठ ३० ते ४५ अंश उचललेली हवी, नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची. इन्सुलिन टोचलं आणि तेवढ्यात सोनोग्राफीला नेलं, ताट झाकलेलंच राहिलं, हे नेहमीचं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर साखर ७० च्या खाली असू शकते. स्ट्रेचर हलवायच्या आधीच वॉर्डबॉयला आणि सिस्टरना सांगा, "इन्सुलिन झालंय, जेवण व्हायचंय." झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला मावशींना हातभार लावा. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा. लाली दाबून जात नसेल तर ती जखमेची सुरुवात असते.

सहीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. रुग्ण शुद्धीवर आणि समजण्याच्या स्थितीत असेल तर संमती त्याची किंवा तिची लागते, नवऱ्याची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिलेल्या समीरा कोहली प्रकरणात तपासणीसाठी आलेली रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन ऑपरेशन केलं होतं. जिवाला तातडीचा धोका नसल्याने न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, असंही सांगितलं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ऑपरेशनचं नाव, डावं की उजवं, भूल कुठली, करणार कोण, हे भरलेलं असावं. सहीशेजारी वेळ लिहा. खरोखर जीव वाचवायची घाई असेल तर मात्र फॉर्म वाचत बसू नका.

पैशाचं थोडक्यात, कारण पैशाच्या धास्तीनेच माणूस मुका होतो. बिल थकलंय म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारायला लोक भितात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होतानाच रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलाशी जा, हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाकडून तिथे अनामत मागता येत नाही. चौकशी बिलिंग काउंटरवर नको, वैद्यकीय समाजसेवकाकडे करा. विमा असेल तर पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा आधी बघा, वरच्या दर्जाची खोली घेतली की डॉक्टरांच्या आणि ऑपरेशनच्या खर्चातही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर एक्स-रे खिडकीशी धरून काढलेला मोबाइलचा फोटो पाठवू नका, स्कॅनची सीडी मागा. कागदपत्रांच्या प्रती लेखी अर्ज केल्यापासून ७२ तासांत द्याव्यात, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून आहे. रुग्णालय बदलताना 'डामा'वर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध जात असल्याच्या कागदावर) सही करून तडक निघण्याऐवजी समोरच्या रुग्णालयात खाट पक्की करा आणि रेफर चिठ्ठी मागा. अ‍ॅम्ब्युलन्समधला सिलिंडर स्वतः बघा. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो अडीच तासच पुरतो, आणि काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. संगमनेरहून नाशिकला निघायचं तर वाटेतल्या कोंडीसकट दुप्पट वेळेचा ऑक्सिजन गाडीत हवा.

"व्हेंटिलेटर लावायचा का?" हा प्रश्न रात्रीच येतो. उत्तर देताना स्वतःला काय सोसवेल याचा विचार न करता, त्या माणसाने काय म्हटलं असतं ते सांगायचं असतं. किती दिवस वाट बघायची आणि कशावरून ठरवायचं, हे लावतानाच विचारा. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र २०२३ च्या बदलानंतर नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करता येतं. दोघं धडधाकट असताना बसून करायचं काम आहे ते.

हे सगळं जोडीदाराने केलं तरी पलीकडे फोन उचलणारा कुणीतरी लागतो. आमची मागणी सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांकडे आहे. सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयांपासून करा. फोन उचलणारा डॉक्टर अतिदक्षता विभागाचा असावा, त्या वॉर्डाच्या युनिटचा नसावा. तीस मिनिटांत त्याने खाटेशी यावं, आणि फोनची वेळ, आल्याची वेळ आणि काय ठरलं हे केसपेपरवर लिहिलं जावं. नवी यंत्रं लागणार नाहीत. रात्रपाळीला एक डॉक्टर, एक मोबाइल आणि प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, दरपत्रकाशेजारी, मोठ्या मराठी अक्षरांत एक फलक :

'आपल्या माणसाची तब्येत बिघडते आहे असं वाटतं आणि सांगूनही कुणी बघितलेलं नाही? या क्रमांकावर फोन करा. रात्रीही. कुणाची परवानगी लागत नाही.'

आपल्या विश्वासू,
निवृत्त परिचारिका व वैद्यकीय समाजसेवक, नाशिक